गच्चीवरच्या स्लाइडवर दिसलेला परागकण नेमका कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात झिंगाबाई टाकळीला राहणाऱ्या एका विज्ञानशिक्षकांच्या मुलीला दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या सुमाराला शिंका, नाक गळणं, डोळ्यांना खाज असा त्रास होतो. डॉक्टरांनी परागकणांची ॲलर्जी असावी असं सांगितलं. म्हणून त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका स्लाइडला व्हॅसलिन लावून ती दिवसभर गच्चीवर ठेवली आणि शाळेच्या मायक्रोस्कोपखाली ४०० पट मोठं करून मोबाइलने फोटो काढले. फोटोत तीन तऱ्हेच्या गोष्टी दिसतात: एक काटेरी गोळा, एक चौकोनी कण आणि भरपूर गुळगुळीत गोल. नेटवरची चित्रं ताडून त्यांनी काटेरी कणाला जास्वंद, चौकोनीला संत्रं आणि गोलांना गवत म्हटलं आहे. हे बरोबर आहे का आणि ओळखायला चांगला ॲटलास कोणता, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, आधी तुमच्या तीन नावांबद्दल बोलते. काटेरी कण जास्वंदीचा नाही, तो बहुधा गाजर गवताचा आहे. चौकोनी कण संत्र्याचा नाही, कडुनिंबाचा किंवा बकाणाचा आहे. आणि गुळगुळीत गोलांपैकी बहुतेक परागकणच नाहीत. खालच्या कोपऱ्यातला एक मात्र गवताचा असू शकेल. मी नागपूरच्या हवेच्या स्लाइड बरीच वर्षं वाचत आले आहे, त्यामुळे हे पटकन सांगता आलं. पण मी सांगितलं म्हणून मानू नका. कसं ठरवलं ते खाली लिहिते, म्हणजे पुढची स्लाइड तुम्ही स्वतः वाचाल.

तुम्ही मागितलाय ॲटलास, पण तुमचं काम ॲटलासवाचून अडलेलं नाही. चित्र शेजारी धरून नाव शोधण्यात दोन गोष्टी निसटतात. एक, चित्रात आकारमान कळत नाही. छापताना जास्वंद आणि गाजर गवत दोन्ही बोटभर मोठे छापलेले असतात. दोन, कण स्वतःबद्दल जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त त्याच्याकडून वदवून घ्यायचा मोह होतो. काही कण वंशापर्यंत नेतात, काही फक्त कुळापर्यंत, आणि गवतासारखे काही कुळाच्या पुढे एक पाऊल टाकू देत नाहीत. म्हणून आमच्या कामात नावापुढे ‘प्रकार’ हा शब्द लावायची रीत आहे: गवत प्रकार, राजगिरा-चाकवत प्रकार. कण जिथवर नेतो तिथवरच जायचं. पुढचं पाऊल हवं असेल तर ते काचेखाली सापडत नाही, घराबाहेर त्या आठवड्यात काय फुललं आहे यात सापडतं. त्यामुळे माझं सांगणं असं की कणावरून झाड शोधू नका, झाडावरून कण शिका. तुमच्या घराभोवतीची वीसेक झाडं-झुडपं फुलोऱ्यात असताना त्यांचे परागकण स्वतः काचेवर घेऊन पाहिलेत, तर एखाद्या परदेशी ॲटलासमधल्या शेकडो चित्रांपेक्षा ते जास्त कामाला येतील.

आता कणात काय पाहायचं ते सांगते. परागकणाला दोन आवरणं असतात. आतलं पातळ, सेल्युलोजचं. बाहेरचं कडक, स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं. हा पदार्थ आम्लाला दाद देत नाही, म्हणून लाखो वर्षांपूर्वीचे परागकणही खडकात सापडतात. आपली सगळी ओळख या बाहेरच्या कवचावर चालते. पहिली खूण म्हणजे त्यातली दारं. परागनलिका बाहेर पडायला कवचात जागा ठेवलेली असते. कुठे ती गोल छिद्र असते, कुठे लांब खाच, कुठे खाचेच्या मधोमध छिद्र. ती किती आहेत आणि कुठे आहेत हे आधी मोजायचं. दुसरी खूण आकारमान, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. तिसरी पृष्ठभाग: गुळगुळीत, काटेरी, जाळीदार, रेघारेघांचा. याच क्रमाने जा. बाह्याकार, म्हणजे गोल की लांबट, मी मुद्दाम शेवटी ठेवते. कोरडा कण हवा गेलेल्या फुटबॉलसारखा चेपलेला असतो आणि पाणी मिळालं की फुगून गोल होतो. एकाच फुलातले दोन कण त्यामुळे दोन झाडांचे वाटू शकतात.

तुमचा चौकोनी कण घेऊ. तो आपल्याकडे ध्रुवाच्या बाजूने पाहतो आहे, म्हणजे आपण त्याला वरून बघतोय. चारही कोपऱ्यांवर कवच तुटल्यासारखं दिसतं. त्या चार खाचा आहेत. बहुसंख्य द्विदल झाडांच्या परागकणांना तीन खाचा असतात, त्यामुळे चार दिसल्या की शोध एकदम अरुंद होतो. लिंबूवर्गीय झाडांना चार-पाच खाचा असतात, म्हणजे संत्र्याचा तुमचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. पण संत्र्याच्या कणावर स्पष्ट जाळी असते. तुमच्या फोटोत कवच गुळगुळीत आणि जाड आहे, कडेची रेघ एकसारखी सरळ जाते. हे कडुनिंबाच्या कुळाचं लक्षण. त्याच कुळातल्या बकाणाचा कणही असाच चार-पाच खाचांचा असतो, म्हणून एका फोटोवरून मी दोघांत निवड करणार नाही. दुसरा पुरावा तारखेचा. संत्र्याच्या आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, एप्रिलपर्यंत फळं धरलेली असतात. शिवाय संत्र्याचा पराग चिकट आणि जड, मधमाशीने न्यायचा. काटोलकडच्या बागांतून तो वाऱ्यावर टाकळीपर्यंत येऊन गच्चीवर पडेल, याची शक्यता फार कमी. कडुनिंब मात्र आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्येच मोहरतो. त्याच्यावरही माश्या येतात, पण मोहोर इतका गच्च असतो की झाडाच्या आसपासच्या हवेत त्याचे कण मिळतात. गल्लीत कडुनिंब आहे की बकाण, एवढं बघून या, तुमचं उत्तर तिथे मिळेल.

आता काटेरी कण. तुमच्या पहिल्या फोटोत तो आणि चौकोनी कण शेजारी-शेजारी आहेत, आणि काटेरी कण चौकोनीच्या निम्म्याने आहे. कडुनिंबाचा कण साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे काटेरी कण २०च्या आतबाहेर. जास्वंदीचा कण १००पेक्षा मोठा असतो. चाळीसच्या लेन्समधून दिसणारं वर्तुळ साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं कमी असतं, त्यामुळे जास्वंदीच्या एका कणाने त्या वर्तुळाची पाव ते एक तृतीयांश रुंदी खाल्ली असती. पट्टी न लावताही एवढं कळतं, फक्त शेजारच्या ओळखीच्या कणाशी तुलना करायची सवय लागली पाहिजे.

वीस मायक्रॉनचा, तीन खाचांचा, अंगभर आखूड शंकूसारखे काटे असलेला कण म्हणजे सूर्यफूल कुळातला. या कुळात पुढे जायला काट्यांची लांबी बघतात. एकदांडीचा कण मोठा आणि काटे लांब, टोकदार. गोखरूचा, म्हणजे ज्याची काटेरी फळं कपड्यांना चिकटतात त्या शंकेश्वराचा कण, काटे इतके खुजे की चटकन गुळगुळीतच वाटतो. गाजर गवत या दोघांच्या मध्ये. आणखी एक खूण: त्याचे कण बरेचदा एकेकटे न पडता गुठळीने पडतात. तुमच्या दुसऱ्या फोटोच्या कडेला धूसर अशी चार-पाच काटेरी कणांची गुठळी आहे, तिच्यावर फोकस करून बघा. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं हे तण आज नागपुरात रिकामा प्लॉट आणि नाल्याचा काठ दिसेल तिथे आहे, आणि ओल मिळाली तर ते बाराही महिने फुलतं. एप्रिलमध्ये ते दिसलं यात नवल नाही.

उरले गुळगुळीत गोल. त्यांची एक गोष्ट माझ्या लगेच नजरेत भरली: एकाच फोटोत ते अगदी बारक्यापासून मोठ्यापर्यंत सगळ्या मापांचे आहेत. एका जातीचे परागकण मापाने जवळजवळ सारखे असतात, थोडंफार इकडेतिकडे. तीनपट-चौपट फरक दिसला की तो पराग नव्हे. शिवाय हे गोल काचेसारखे पारदर्शक, कड जाड काळी, मध्ये लखलखीत ठिपका, आणि कुठेही दार नाही. टाकळीच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं आहेत. दगडी कोळसा जळताना त्यातली खनिजं वितळतात आणि थिजताना काचेचे गोळे होतात, तीच फ्लाय ॲश. उत्तर नागपूरच्या स्लाइडवर हे गोळे नेहमीचे आहेत, आणि ते इतके सुबक गोल असतात की नवख्याला परागच वाटतात. ओळखायचं सोपं साधन रंग आहे, त्याकडे येतेच. हवेचे बुडबुडेही असेच काळ्या कडेचे दिसतात, पण कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, सुईने हलकेच दाबली की ते पसरतात, आकार बदलतात. स्टार्चचे दाणे असतील तर आयोडीनचा थेंब सोडा, निळे-काळे होतील.

खालच्या कोपऱ्यातल्या एका गोलाला मात्र कडेला बारीकशी कडी दिसते. ती कडी म्हणजे छिद्राभोवतीची जाड किनार. एकच छिद्र, त्याला किनार, त्यावर झाकणासारखा तुकडा आणि बाकी कवच गुळगुळीत, ही गवताची खूण. अडचण अशी की छिद्र एकच असल्याने ते दरवेळी आपल्याकडे तोंड करून नसतं. कण मागे वळलेला असला की तो नुसता गोळा दिसतो. पुढची स्लाइड ग्लिसरीन जेलीत करा (कृती खाली दिली आहे), आणि जेली अजून घट्ट झालेली नसेल तेव्हा कव्हरस्लिपच्या कडेवर सुईचं टोक ठेवून अगदी किंचित सरकवा आणि त्याच वेळी आयपीसमधून बघत राहा. कण लोळतो आणि छिद्र समोर येतं. हे हाताला जमायला थोडा वेळ लागतो, पण एकदा जमलं की निम्मे संशय मिटतात. गवताचं पुढचं नाव विचारू नका: हरळी, मारवेल, कुसळी, पवन्या, सगळ्यांचे कण एकाच साच्यातले. ज्वारीचा मोठा असतो, मक्याचा तर ८०-१०० मायक्रॉनचा, एवढाच फरक मापावरून सांगता येतो. एप्रिलमध्ये रानातलं गवत वाळलेलं असतं, तेव्हा हा कण एखाद्या पाणी दिलेल्या लॉनवरच्या हरळीचा असावा.

म्हणजे पुन्हा एकदा: दारं मोजली, माप शेजारच्या कणाशी ताडलं, पृष्ठभाग बघितला आणि तारखेला काय फुलतं ते पाहिलं. चारही गोष्टी एका दिशेला गेल्या तर नाव लिहायचं. एक जरी उलटी गेली तर कुळावर थांबायचं.

आता तुमच्या पद्धतीत काय बदलावं ते. पहिली गोष्ट, रंगाशिवाय हवेची स्लाइड वाचू नका. ग्लिसरीन जेलीत बेसिक फुक्सिन हा रंग किंचित घालून ती वापरली की परागकणाचं कवच गुलाबी होतं. राख, धूळ, वीटकण बिनरंगी राहतात. बुरशीचे बहुतेक गडद बीजाणू आपला तपकिरी रंग सोडत नाहीत. तुमचे नव्वद टक्के गोल एका फटक्यात बाद होतील. जेली शाळेत करता येते: १० ग्रॅम जिलेटिन ३५ मिली पाण्यात भिजवून गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवायचं, त्यात ३० मिली ग्लिसरीन घालायचं. उकळू द्यायची नाही, उकळलेलं जिलेटिन नीट धरत नाही. बुरशी लागू नये म्हणून थोडं फिनॉल घालतात, पण ते कातडी भाजतं. ते काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, हातमोजे घालून करून घ्या, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नका. फुक्सिन अगदी थोडं, जेली फिकट गुलाबी दिसेल इतकंच. जास्त झालं तर कण गडद होऊन आतलं काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट, व्हॅसलिनचा थर. फोटोवरून तो फार जाड वाटतो. कण त्यात वेगवेगळ्या खोलीवर रुतलेत, म्हणून एक फोकसमध्ये येतो तेव्हा दुसरा जातो. बोटाने लावून मग दुसऱ्या स्लाइडच्या कडेने खरवडून काढा, काच नुसती तेलकट दिसेल एवढंच उरलं पाहिजे. आणि मे महिन्यात हा उद्योग व्हॅसलिनने करूच नका. नागपुरात पारा ४५वर गेला की गच्चीवरची काच त्याहून तापते, व्हॅसलिन पातळ होऊन ओघळतं आणि कण घेऊन खाली जातं. तेव्हा सिलिकॉन ग्रीस वापरा.

तिसरी गोष्ट माप. आयपीसमध्ये बसणारी पट्टी आणि ती तपासायची स्टेज मायक्रोमीटरची काच, या दोन वस्तू कॉलेजकडून एका दिवसासाठी मागून आणा. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. प्रत्येक लेन्सला आयपीसच्या पट्टीचा एक भाग किती मायक्रॉनचा भरतो ते एकदाच काढून मायक्रोस्कोपवर चिकटवून ठेवा. मोबाइलच्या झूमने हे सगळं मोडतं, त्यामुळे झूम न करता फोटो काढायचा.

पृष्ठभाग बघताना फोकसची चाकी हलती ठेवायची. कणाच्या माथ्यावर फोकस असताना काटा किंवा उंचवटा उजळ दिसतो, फोकस किंचित खाली नेला की तोच काळा पडतो. खड्डा असेल तर उलट: आधी काळा, मग उजळ. एका स्थिर फोटोत काटे आणि खळगे सारखेच ठिपके दिसतात, हलत्या फोकसमध्ये मात्र ते वेगळे ओळखू येतात. स्वीडनच्या एर्टमन यांनी रूढ केलेली ही युक्ती साध्या शाळेच्या मायक्रोस्कोपवरही चालते. कंडेन्सरखालचा पडदा थोडा मिटून घ्या, कडा उठून दिसतील. याच एर्टमन यांची आम्ल वापरून कण आतून रिकामा करण्याची पद्धतही आहे. त्यात कवचाचं नक्षीकाम फार सुंदर दिसतं, पण ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि तीव्र गंधकाम्लाचं मिश्रण तापवावं लागतं. घरी किंवा शाळेत त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या कामाला त्याची गरजही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: स्वतःचा स्लाइडसंच. फूल उमलायच्या बेतात असलेली कळी घ्यायची, उमललेलं फूल नाही. उमललेल्या फुलावर शेजारच्या झाडांचे कण येऊन बसलेले असतात, आणि मग तुमच्या कडुनिंबाच्या स्लाइडवर गवत निघतं. कळी उघडून परागकोश काचेवर सुईने फोडा, त्यावर स्पिरिटचा थेंब सोडा. परागाचं तेल सुटून थेंबाच्या कडेला कडं धरतं. थेंब सुकला की ते कडं कापसाने पुसून घ्या, कोशाचे तुकडे चिमट्याने काढा, मग जेलीचा बारीक तुकडा ठेवून काच किंचित गरम करा आणि कव्हरस्लिप टाका. लेबलवर झाड, जागा, तारीख आणि जेली लावल्याची तारीखही. ही शेवटची तारीख लोक लिहीत नाहीत, पण जेलीत कण महिनोन्‌महिने थोडे-थोडे फुगत जातात. दोन वर्षांपूर्वीच्या स्लाइडवरचं माप आजच्या स्लाइडला लावलं तर चुकतं. झाडाची फांदी वहीत दाबून ठेवा. नाव चुकलं असेल तर पुढे दुरुस्त करता येईल.

कोणती झाडं घ्यायची? तुमच्या भागासाठी मी वर्षाच्या क्रमाने सांगते. जानेवारी ते मार्च वावळ आणि महारुख. वावळ पानं गाळून फुलतो, वाऱ्यावरच पराग सोडतो, आणि सेमिनरी हिल्सवर किंवा सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या रस्त्यांवर सहज सापडेल. त्याच्या कणाला कडेवर चार ते सहा, बहुधा पाच छिद्रं आणि पृष्ठभाग सुरकुतलेला. कोनांमुळे तो पंचकोनी दिसतो. एकदा पाहिला की विसरत नाही. तुमच्या मुलीचा मार्चचा त्रास जिथे सुरू होतो तिथे याला मी आधी तपासेन. महारुखाला तीन खाचा आणि अंगावर बारीक रेघा. मग कडुनिंब, बकाण. निलगिरी आणि जांभळाचा कण वरून त्रिकोणी, कोपऱ्यांवर छिद्रं आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. तो लहान असतो, दहाच्या लेन्सखाली निसटतो. बाभूळ आणि शिरीष यांचे कण सुटे नसतात, बहुधा सोळांचा चपटा जुडगा एकत्रच उडतो. शिरीषाचा जुडगा बाभळीच्या जुडग्यापेक्षा बराच मोठा. पण सुबाभूळ आणि वेडी बाभूळ त्याच गोतातली असूनही त्यांचे कण सुटे, तीन खाचांचे. एरंड, सुरू, शिंदी हेही घ्या. शिंदीला एकच लांब खाच, कण होडीच्या आकाराचा.

पावसाच्या सरी हवा धुऊन काढतात, म्हणून जुलै-ऑगस्टची स्लाइड परागांनी रिकामी आणि बुरशीने भरलेली निघते. पाऊस ओसरला की सप्टेंबर ते नोव्हेंबर गवताचा मोसम. गोरेवाडा, अंबाझरीकडची माळरानं तेव्हा तुऱ्यावर असतात. त्याच वेळी काटेमाठ, आघाडा, चाकवत. यांचा कण २०-३० मायक्रॉनचा गोल आणि सर्व अंगावर गोल छिद्रं. छिद्रं किंचित खोल असल्याने कड नागमोडी दिसते. गाजर गवतही तेव्हा भरात. तलावाकाठच्या स्लाइडवर पाणकणीस मिळतं.

पळसाला मात्र दोष देऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भभर तो डोळ्यात भरतो आणि शिंकाही तेव्हाच सुरू होतात, म्हणून लोक त्याच्यावर खापर फोडतात. त्याचा पराग पक्षी नेतात, तो हवेत जवळजवळ नसतो. फुलाची रंगीत शोभा आणि हवेतला पराग यांचं बहुतेक वेळा उलटं नातं असतं. वाऱ्यावर विसंबणाऱ्या फुलांना कोणाला बोलवायचं नसतं, म्हणून ती डोळ्यांना दिसतच नाहीत.

तुमच्या स्लाइडवरून हवेत किती पराग आहे ते सांगता येत नाही, हेही लक्षात ठेवा. उघड्या काचेवर कण आपल्या वजनाने पडतो, आणि पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ४० मायक्रॉनचा कण १० मायक्रॉनच्या कणापेक्षा साधारण सोळापट वेगाने खाली येतो. म्हणून अशा काचेवर मोठे कण जास्त आणि बारके, विशेषतः बुरशीचे, फार कमी दिसतात. मोजमापासाठी हवा ओढून घेणारी यंत्रं लागतात. बर्कार्डचं यंत्र मिनिटाला १० लिटर हवा ओढतं आणि तासाला २ मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर ती आदळवतं, त्यामुळे कोणत्या तासाला काय उडत होतं तेही कळतं. आपल्याकडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी देशी एअर सॅम्पलर तयार केला, तो अनेक विद्यापीठांत वापरला गेला. तुमच्यासाठी उघडी काच पुरेशी आहे, फक्त तिला पाऊस आणि कबुतरांपासून वाचवायला वर एक ताटली आधाराने बसवा आणि दर वेळी तीच जागा, तेवढेच तास ठेवा. मग निदान या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना होईल.

मुलीबद्दल. स्लाइड हवेत काय आहे ते सांगते, तिचं शरीर कशाला चिडतं ते सांगत नाही. ते ॲलर्जीतज्ज्ञाकडे त्वचेवरच्या चाचणीतच कळेल. पण चाचणीत नेमके कोणते अर्क टोचायचे हे ठरवताना तुमची वही डॉक्टरांच्या कामी येईल. एका बाजूला तारीख आणि स्लाइडवरचे प्रकार, दुसऱ्या बाजूला त्या दिवशी तिला शिंका किती, डोळे कसे, खोकला होता का. ऑक्टोबरच्या स्लाइडवर अल्टरनेरिया शोधायला विसरू नका. हा तपकिरी बुरशीचा बीजाणू गदेसारखा, एका टोकाला निमुळता आणि आत आडव्या-उभ्या भिंती असलेला असतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू भरपूर उडतात, आणि अल्टरनेरिया ॲलर्जीचं जाणतं कारण आहे. पराग-पराग म्हणून शोधत राहिलात तर हा समोर असूनही दिसणार नाही. छातीत घरघर, दम लागणं असं काही असेल तर वहीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

पुढचे फोटो टाकाल तेव्हा एकाच कणाचे तीन टाका: माथ्यावर फोकस, मधल्या रेषेवर फोकस आणि दोन्हींच्या मध्ये. फोटोसोबत लेन्स कोणती, मायक्रॉनमध्ये माप किती, रंग दिला होता का, स्लाइड कोणत्या तारखेला कुठे ठेवली आणि त्या दिवशी शंभर-दोनशे पावलांच्या आत काय फुललेलं होतं, हे लिहा. कडुनिंबाची कळी आत्ता मिळते आहे, सुरुवात तिथूनच करा. त्या स्लाइडचा आणि गच्चीवरच्या चौकोनी कणाचा फोटो एकाच लेन्सखाली, शेजारी-शेजारी द्या, म्हणजे बकाणाचं काय ते ठरवू.